राजाच्या कमरेतले वडे

आमच्या ह्यांना अख्खं गाव 'राजे' म्हणतं. हसू नका, खरंच म्हणतं. खर्डी स्टेशनच्या बाहेर रिक्षावालेसुद्धा "या राजे, बसा" म्हणून सीट झाडून देतात, आणि मग त्याच सीटवर चौघांच्या मधी कोंबतात. नाव महिपत. दोन वाफे भाताचे, बाकी कंपनीत हेल्परची नोकरी. पण माघात गावदेवीची जत्रा असते, त्या दिवशी दुपारी देवळापुढं गावचं नाटक होतं, आणि त्यात राजा हेच. मी लग्न होऊन आले तेव्हा हेच होते, आजपण हेच. मिशी पांढरी झाली तर काजळ लावतात, पण गादी सोडत नायत.

नाटक एकच. ह्यांच्या आज्यानं रचलेलं. एक मगरूर राजा असतो, दारात आलेल्या भिकाऱ्याला उपाशी हाकलतो, मग लढाई लागते, राज्यात दुष्काळ पडतो आणि राजालाच वणवण करायला लागते. एवढीच गोष्ट. पण गोष्ट तीच असली तरी त्यातलं बोलणं दरसाल नवीन असतं. तानसा धरण आमच्या उशाशी, आणि आमी हंडे घेऊन टँकरच्या मागं पळतोय, तर त्या साली राजाच्या राणीनं टँकरसमोर लाइन लावली. कंपन्यांनी माणसं कंत्राटी केली त्या साली राजाचा शिपाई म्हणाला, "महाराज, मला मधेच मरायला सांगू नका, माझं कंत्राट सकाळचंच हाय." लोक लोळून हसले. ज्याची नोकरी गेली होती तो सगळ्यात जास्त हसला. आमच्या गावाला पेपर वाचायला टाइम नसतो, पण औंदा काय दिवस आलेत ते ह्या नाटकात बघून कळतं.

आता ताटाचं सांगते, नाय तर पुढचं तुमाला कळायचं नाय. पयल्या प्रवेशात राजा जेवायला बसतो. ते ताट खरं असतं. दरसाल एका घराचा मान. त्या घरानं वडे, डाळ, भात, लाडू, सगळं चांगलंचुंगलं करून द्यायचं. राजानं त्याला हात लावायचा नाय, नुसतं नाक मुरडायचं. खेळ संपला की ते ताट जसंच्या तसं गावाच्या शिवेवर नेऊन ठेवायचं, गावदेवीच्या नावानं. मग कावळे खावोत, कोल्हे खावोत. माणसानं त्यातला घास घ्यायचा नाय. लहान पोरंसुद्धा त्या ताटाकडं बघून जीभ आत ठेवतात.

औंदा दिवाळी झाली आणि ह्यांच्या कंपनीला कुलूप लागलं. नोटीस नाय, काय नाय. सकाळी गेले, दुपारी डबा तसाच घेऊन परत आले. मी म्हटलं, "तब्येत बरी नाय काय?" तर म्हणे, "माझी बरी हाय, कंपनीची गेली." असा माणूस. रडायच्या वेळी पण बतावणी करतोय.

घरात भात होता, खोटं कशाला बोलू. वाफ्यांनी तेवढं दिलं. पण नुसत्या भाताला घर म्हणत नायत. तेल संपलं, डाळ संपली, कोंबड्या एकेक करून बाजारात गेल्या. आमी दोघंच असतो तर मीठ-मिरचीवर काढलं असतं आणि कुणाला कळूही दिलं नसतं. पण भूमिका आली. आमची एकुलती एक पोरगी. सासर मुरबाडला, पार सिद्धगडाच्या अंगाला. तिला सातवा लागला होता. पयलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला "नको येऊ" कसं म्हणायचं?

आणि तिला डोहाळे कसले लागावेत? वड्यांचे! तांदळाचे फुगलेले, तेलात तळलेले वडे. "आई, वडे कर ना गो," एवढंच तिनं म्हटलं, दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, "करते, जरा ऊन पडू दे, पीठ वाळू दे." मग म्हटलं, "उद्या एकादशी हाय, परवा करू." पोरगी हुशार. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाय. शेजारी माझं वाटीभर तेल मागून झालं होतं, पुन्हा जायला पाय उचलेना. हे ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी नुसती पाठ वळवली.

आमाला भीती होती ती एकाच माणसाची. गीताबाई. भूमिकाची सासू, माझी विहीण. ती बाई म्हंजे तोंडाचा पट्टा. लग्नात आमच्या भाजीत मीठ कमी पडलं ते अजून सांगते. तिचा मुलगा अक्षय कल्याणला मॉलमधे नोकरीला, तर हिचं बोलणं असं की मॉल हिच्याच नावावर हाय. "आमच्याकडं तेलाचे डबे येतात, किरकोळ पिशवी आमी आणत नाय." आता अशा बाईला कळलं की आमच्या घरात तिची सून उपाशी नसली तरी अर्धपोटी हाय, तर? उद्या पोरीला सासरी जन्मभर ऐकायला लागलं असतं, "तुझ्या बापाला तुझे डोहाळे पुरवता आले नायत." मी ह्यांना बजावून ठेवलं, काय पण होऊ दे, तिकडं कळता कामा नये.

आणि गीताबाई जत्रेला आल्या. न बोलावता. सुनेला बघायला.

दुपारी देवळापुढं चांदवा बांधला होता. बायका एका बाजूला. मी मधे, डावीकडं भूमिका, उजवीकडं गीताबाई, नवीन साडी नेसून. पयला प्रवेश झाला. राजानं ताटाकडं बघून नाक मुरडलं, भिकाऱ्याला हाकललं, लोकांनी शिव्या दिल्या, सगळं दरसालसारखं. मी निवांत बसले होते. मग लढाई लागली. राजा तलवार घेऊन गोल फिरला, झगा फुलला, आणि ह्यांच्या कमरेच्या शेल्यातून काय तरी खाली पडलं.

वडा.

मग दुसरा. मग तिसरा गडगडत थेट लोकांच्या पायात.

तुमाला काय सांगू. माझ्या पोटात असा गोळा आला की वाटलं, बाळंतपण भूमिकाचं नाय, माझंच हाय. गावदेवीचं ताट! आणि राजानंच त्यातले वडे चोरून कमरेला बांधलेले. सगळं गाव चिडीचूप. ढोलकीवाल्याचा हात वरच्या वर. हे मधोमध उभे, हातात लाकडी तलवार, आणि तोंडावर रंग असून पण मला दिसलं, त्याच्या खालचं तोंड पांढरं पडलं होतं. मी ह्या माणसाबरोबर जन्म काढलाय. हा विनोद नव्हता.

आणि मग हा माणूस काय म्हणाला? वाकून एक वडा उचलला, तो उंच धरला, आणि प्रधानाला म्हणाला, "प्रधानजी, बघताय काय? राज्यात असे दिवस आलेत की राजालाच चोरून घरी न्यायला लागतंय. तुमी काय नेताय ते दाखवा!"

प्रधान म्हंजे भगीरथ, आमच्याच आळीतला, तो पण त्याच कंपनीतून घरी बसलेला. त्यानं क्षणभर ह्यांच्याकडं बघितलं. मग आपला कमरपट्टा ताणून दाखवला आणि म्हणाला, "महाराज, माझ्याकडं नुसता पट्टाच उरलाय. आतलं पोट कधीच गेलं!"

एक बाई हसली. कुठली बाई? माझ्या उजवीकडची! गीताबाई. असली मोठ्यानं हसली, मांडीवर थापा मारून, की मागं बसलेले गडी पण उठून बघायला लागले. आणि मग सगळा मांडव फुटला. माणसं डोळे पुसत होती. शिट्ट्या, टाळ्या. ज्यांच्या घरी कंपनीचे डबे रिकामे लटकलेत ती सगळी माणसं पोट धरून हसत होती, कारण प्रत्येकाला माहीत होतं राजा काय बोलतोय. आणि त्या एवढ्या हसण्यात मी पण हसले. हसायलाच लागलं. न हसून कुठं जाते? शेजारी विहीण बसलेली. पण आतून असं वाटत होतं की जमीन दुभंगावी.

भूमिका हसली नाय. तिनं पदर तोंडाला लावला होता.

त्या संध्याकाळी गीताबाई शेवटच्या रिक्षानं गेल्या. हे घरी आले, रंग धुतला, आणि शेल्यात राहिलेले दोन वडे काढून पोरीच्या पुढं ठेवले. पोरीनं दोन्ही खाल्ले. खाऊन झाल्यावर म्हणाली, "बाबा, माझे डोहाळे सरले बघा. आता वड्याचं नाव काढलं तरी मळमळतंय." आणि हात धुवायला मागल्या दारी गेली ती बराच वेळ आलीच नाय.

हे मला म्हणाले, "देवकी, देवीचं खाल्लं मी."

मी म्हटलं, "देवीला पोरी नायत काय? तिला कळेल." पण मला धड वाटत नव्हतं. आणि देवीपेक्षा माझा राग निराळीकडंच होता. "ती बया कशी हसली बघितली? मांड्या थोपटून! आता मुरबाडभर सांगेल." मी चुलीपुढं बसून त्या बाईला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय.

पुढं झालं भलतंच. सरपंचाच्या ओमकारनं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. त्यानं टाकलं कुठं तरी, आणि शहापूरपासून मुरबाडपर्यंत जो तो राजाचे वडे बघायला लागला. बाजारात गेले तर भाजीवाली विचारते, "काय गो, राजानं आज काय आणलं कमरेतून?" ओळख ना पाळख! मी हसून मान डोलावली आणि भाजी न घेताच परत आले. लाजेला पण काय तरी हद्द असते. आमची तर मोबाइलवर फिरत होती.

आणि मग निरोप आला. भूमिकाच्या सासरच्या गावचा. शिमग्याच्या आधी त्यांच्याकडं उत्सव, खेळ तुमचा पायजेल, आणि तो वड्यांचा भाग हवाच. ताटाचा मान? गीताबाईंच्या घराचा. त्यांनी स्वतःहून मागून घेतला म्हणे. तिकडं ते ताट देवीचं नाय, खेळापुरतंच.

मी ह्यांना म्हटलं, "जायचं नाय. व्याह्यांच्या दारात जाऊन चोरी करून दाखवायची? ती बाई मुद्दाम करतेय."

"नाटकमंडळाला पैसे देऊन सुपारी हाय. सगळ्यांचं पोट हाय त्यात. भगीरथ काय म्हणेल?"

"तुमाला काय वाटतंय ते सांगा, भगीरथचं राहू दे."

त्यांनी शेला मांडीवर ओढला. मग म्हणाले, "मला रोज वाटतंय की तो वडा अजून पडतोयच." एवढं बोलून उठले आणि परसात गेले. मी मागून बघितलं तर शेल्यात शेणाच्या वाळक्या चकत्या बांधून गोल फिरत होते. कितव्या फेरीला सुटतात ते बघत होते. खऱ्या लाजेची तालीम! मला रडू आलं आणि हसू पण आलं, आणि दोन्हीची चीड आली.

शेवटी गेलो. भूमिकाला शेजारणीकडं ठेवलं. टेम्पोत सगळं मंडळ, पेट्या, तलवारी आणि मी. का गेले? ह्यांना एकट्याला त्या बाईच्या तोंडी द्यायचं नव्हतं म्हणून.

गीताबाईंनी ताट असं आणलं होतं की बघत राहावं. वड्यांचा ढीग. अक्षय ते डोक्यावरून घेऊन आला. मी म्हटलं, "जावईबापू, आज कामावर नाय?" तर म्हणाला, "सुट्टी काढली." आणि दुसरीकडं बघितलं.

खेळ रंगला. लोक त्याच भागाची वाट बघत बसलेले. लढाई आली, राजा फिरला, वडे पडले, आणि काय हसले लोक! ह्यांनी तेच वाक्य म्हटलं. आवाज तोच, हात तसाच उंच. आमच्या गावात ते वाक्य जीव वाचवायला निघालं होतं, इथं ते तोंडपाठ होतं. माझ्याच माणसाची मला लाज वाटली, देवाशपथ. आणि तशी वाटली म्हणून माझी मलाच जास्त वाटली.

पोरं वडे उचलायला धावली. तशी गीताबाई उठली आणि पोरांवर खेकसली, "हात लावू नका रे! मातीत पडलेत, गुरांना घालीन मी." पडलेला एकेक वडा तिनं पदरात गोळा केला, ताट उचललं आणि चालती झाली. मी मनात म्हटलं, बघा, टाकायचं म्हणून पण दुसऱ्याला देणार नाय.

खेळ संपला तेव्हा अजून उजेड होता. आमचं दोघांचं जेवण त्यांच्याकडं. मी म्हटलं, आधी जाऊन स्वयंपाकाला हात लावते, नाय तर ते पण ऐकवायची. पुढचं दार लोटलेलं होतं म्हणून मागल्या दारानं गेले.

गीताबाई चुलीपुढं उकिडवी बसली होती. पदरातले वडे सुपात काढलेले. ओल्या फडक्यानं एकेक वडा पुसत होती, माती काढत होती, आणि कोरड्या तव्यावर ठेवून गरम करत होती. बाजूला कढई, आणि कढईवर तेलाची पिशवी कात्रीनं उभी फाडून पालथी घातलेली, शेवटचा थेंब गळावा म्हणून. डबा कुठं दिसला नाय. डाळीचं पातेलं नव्हतं. भात होता.

तिनं वर बघितलं. मी दारात उभी. एवढी तोंडाळ बाई, पण तिनं नुसतं सूप पदराआड ओढलं. मी काय केलं असेल? सरळ मागं फिरले आणि पुढल्या दारी जाऊन मोठ्यानं हाक मारली, "विहीणबाय, आलो हां आमी!" जसं काय आताच आले.

पानं वाढली. ह्यांच्या पानात वडे, भात, वर मिरचीचा ठेचा. "पोटभर जेवा," गीताबाई म्हणाली, "राजा आलाय आमच्या घरी." ह्यांनी एक वडा उचलला, आणि हात थांबला. एका बाजूनं चिरलेला होता, तलवारीचं टोक लागून. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. अक्षय पानावर बसलाच नाय, "भूक नाय" म्हणून ओट्यावर गेला. ह्यांनी तो वडा खाल्ला. सावकाश, शेवटपर्यंत. एवढी वर्षं भरल्या ताटाला नाक मुरडणारा राजा, आज त्याला नाय म्हणता येत नव्हतं.

निघताना मंडळाचा टेम्पो हॉर्न मारत होता. हे आधीच जाऊन बसले, मागं न बघता. गीताबाईनं मला आत बोलावलं. पळसाच्या पानात बांधलेला पुडा काढला. आतनं वास आला, ताज्या वड्यांचा.

"हे मातीतले नायत," ती हळू म्हणाली. "ताट भरायच्या आधीच बाजूला काढून ठेवले. माझ्या सुनेला द्या. तिला डोहाळे लागलेत ना वड्यांचे? मला जत्रेतच कळलं. तिचं तोंड बघितलं मी, वडा पडला तेव्हा."

मी म्हटलं, "तुमाला कळलं? मग तुमी तर... हसलात."

"मग काय करू?" ती एकदम चिडून म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात. "सगळं गाव गप्प बसलेलं. आणि एक मिनिट तसं गेलं असतं तर चोर म्हणाले असते माझ्या व्याह्याला. कोणी तरी हसायला नको?" मग तिचा आवाज खाली आला. "अक्षयला घरी बसून दोन महिने झाले. नुसते वडे पाठवले असते तर तुमी विचारलं असतंत, आज काय विशेष. म्हणून ताटाचा मान मागून घेतला. तेवढंच तेल होतं."

बाहेर हॉर्न वाजतच होता. महिनाभर मी ह्या बाईला चुलीपुढं बसून शिव्या घातल्या होत्या. तो पुडा अजून गरम होता. मी तो घेतला, आणि तिच्या तोंडाकडं बघायची माझी काय हिंमत झाली नाय.